काशीकाकीची भोकाची नाणी

मिठबावच्या अलीकडे, खाडीला पाठ करून बसलेली आमची वाडी. इथे बारशाला भटजी उशिरा आला तर चालतं, पाळणा उसना आणला तरी चालतं, पण काशीकाकी आल्याशिवाय मुलाला पाळण्यात घालत नाहीत. ती येते, हात धुते, जमलेल्या बायकांपैकी निदान एकीला तरी तोंडावर ‘अंगान सुटलंस गो’ म्हणते आणि मग पदराची गाठ सोडून एक भोकाचं नाणं काढते. ते काळ्या करगोट्यात ओवून बाळाच्या कमरेला बांधते. मूल घरभर धावायला लागलं की करगोटा कमरेला राहतो, नाणं मात्र काकीकडे परत जातं. ती ते चिंच लावून घासते आणि पुढच्या बारशासाठी देवाजवळच्या पितळी डबीत ठेवते.

आता तिची नव्वदी उलटली. तोंडात दोन दात उरलेत, तेही एकमेकांच्या समोर नाहीत. कान तिच्या सोयीने चालतात. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल आपल्याकडे उगाच हळवं होऊन बोलतात, म्हणून आधीच सांगतो: काकी प्रेमळ वगैरे नाही. माझ्या बायकोच्या हातची सोलकढी चाखून ‘ह्येच्यात आमसूल दुसऱ्याच्या घरचा काय गो?’ असं विचारणारी बाई आहे ती. तरीही माझ्या दोन्ही मुलांच्या कमरेला तिनेच नाणं बांधलं, आणि ती येईपर्यंत मला धीर नव्हता.

नाणी आली कुठून, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक. काकीचे यजमान शंकरकाका मराठा पलटणीत होते. मोठं युद्ध संपलं, जपानने हात टेकले, आणि त्यानंतर जी फौज तिकडे जाऊन राहिली तिच्यात आमचा शंकर धाकू मालंडकर होता. वर्ष-दीड वर्ष राहून सत्तेचाळीस साली हातीपायी धड परत आला. येताना खिशात भोकाची नाणी होती. काकीचा हिशोब सरळ: ज्या खिशात ही नाणी होती तो माणूस लढाईच्या मुलखातून सुखरूप घरी आला, मग बाळाला दृष्ट काय लागणार?

बारशाला बायका हे सगळं मानायच्या. पारावर बसणारे पुरुष मात्र शंकरकाकाला छळायचे. काका सांगत, तिथली घरं लाकडाची आणि कागदाची असतात. “कागदाची घरां? मगे पावसात काय करतत, घराक छत्री धरतत?” काका सांगत, तिथे सगळे एकाच हौदात गरम पाण्यात बसतात. त्यावर तर आठवडाभर हशा. एकदा काका म्हणाले, आपण एक पुरं शहर जळून सपाट झालेलं बघितलं, आणि त्या राखेत एक म्हातारी कढई शोधत होती. त्यावरही कोणीतरी हसलं. त्या दिवसापासून काकांनी जपानचं नाव काढलं नाही, पण गावाने त्यांचं नावच ‘जपान’ ठेवलं. मुलगा सत्यवान शाळेत आला तो ‘जपानाचो सत्यवान’ म्हणून. या नावापायी त्याने जितकी डोकी फोडली तितके नारळही फोडले नसतील.

काका जाऊनही आता बराच काळ लोटला. सत्यवान सत्तरीचा झाला, कलमांची बाग सांभाळतो, गुडघे दुखतात म्हणून मारामारी बंद आहे. आणि अशात वाडीत दगड आला.

मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाने तो पाठवला. काळा, गुळगुळीत, माणसाएवढा. वाडीतून जे जे फौजेत गेले त्यांची नावं त्यावर कोरून तो शाळेसमोर उभा करायचा, असं ठरलं. दगड आधी आला, नावं नंतर गोळा करायची होती. तोवर त्यावर शेळ्या बसू लागल्या. समिती झाली. मी वाचनालयाचा चिटणीस असल्यामुळे लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि अध्यक्ष झाला सुदेश.

सुदेश म्हणजे आमच्याच आळीतला, तालुक्याच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. एरवी आमच्यासारखंच मालवणी बोलतो, पण अध्यक्षाच्या खुर्चीत बसला की त्याला पुस्तकी मराठी चढते. पहिल्याच सभेत त्याने घसा साफ केला.

“श्रीयुत शंकर मालंडकर यांच्या परदेशगमनाबाबत कोणताही पुरावा उपलब्ध नाही.”

“मेल्या, तुका अंगाखांद्यार खेळवल्यान माझ्या बापाशीन,” सत्यवान उठून म्हणाला, “आणि आता श्रीयुत?”

“भावनेचा प्रश्न नाही. हे लोक देवळालीच्या छावणीपुढे गेलेच नव्हते असंही बोललं जातं. दगडावर एकदा कोरलं की खोडता येत नाही.”

पुराव्याची अडचण खरीच होती. काकांचे कागद वाळवीने खाल्ले होते. ट्रंक पत्र्याची म्हणून ती उरली. सत्यवानाने फौजेच्या कचेरीला लिहिलं, त्याचं उत्तर अजून यायचं होतं आणि दगड काही थांबायला तयार नव्हता. राहता राहिली नाणी. ती जपानची ठरली तर काकांचं नाव दगडावर, नाहीतर नाही. सुदेशने तसं माझ्याकडून लिहूनच घेतलं.

आता नाणं ओळखायचं कोणी? काकीने डबीला हात लावू दिला नाही. बऱ्याच रुसव्याफुगव्यानंतर एक नाणं दिलं, तेही ‘सांज व्हायच्या आत घराक’ या बोलीवर. पिवळंधमक नाणं, मधे भोक, भोकाभोवती चाकाचे दाते, खाली पाण्याच्या रेघा, आणि त्यावर झुकलेली भाताची लोंबी. अक्षरं अगम्य. सत्यवान ते घेऊन देवगडला सोनाराकडे गेला. सोनाराने घासून सांगितलं, पितळ. बँकेतल्या बाईने, कोणी काही विचारायच्या आधीच, हे इथे चालणार नाही म्हणून सांगितलं. भटजींच्या मते ते नेपाळी होतं, कारण त्यांचा मेहुणा पशुपतिनाथाला जाऊन आला होता. शेवटी पुण्याहून त्याच्या मुलाने, विनीतने फोनवर सांगितलं की फोटो काढा, मोबाइलच ओळखतो. काकीने नाणं देताना त्यावर कुंकू लावलं होतं, ते तसंच ठेवून सत्यवानाने फोटो काढला. मोबाइलने एकाहून एक सुंदर वायसर दाखवले आणि घरपोच द्यायची तयारीही.

ही बातमी सुदेशपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? “काकींनी उभ्या वाडीला पंपाचे वायसर बांधले,” असं तो तिठ्यावर सांगत सुटला.

सत्यवानावर याचा काही परिणाम झाला नाही. त्याची त्या लोंबीवर श्रद्धा बसली होती. “बघ,” तो मला नाणं दाखवून म्हणे, “भात आणि दर्या. बाबा सांगी तांच मां? थंयच्यो बायल्यो आमच्यासारख्योच वाकान भाताचो तरवो लावतत म्हणान?” आणि याच सुमारास देवाने त्याच्या घरी साक्षात उत्तर पाठवलं. विनीतचं लग्न काही केल्या जमत नव्हतं, ते जमलं. मुलगी पुण्याची, अनुजा. एका कंपनीत जपानी कागदपत्रांची भाषांतरं करते. हे ऐकल्याबरोबर सत्यवानाने तिला विनीतच्याही आधी पसंत केलं.

मे महिन्यात नवं जोडपं गावी आलं. दुसरा कोणी असता तर घरातल्या घरात, ओटीवर बसून सुनेकडून नाणं वाचून घेतलं असतं. पण सत्यवानाला सुदेशचं तोंड बघायचं होतं. त्याने सुनेला नाण्याकडे डोळा वर करून बघू दिलं नाही. समितीची सभा बोलावली, शाळेचा वर्ग भरला, बायाही आल्या. काकी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. सत्यवानाने कधी नव्हे ती इस्त्रीची पँट घातली होती.

अनुजाने नाणं उजेडात धरलं. “हो, जपानचंच आहे,” ती म्हणाली. “पाच येन.”

सत्यवानाने सुदेशकडे असं बघितलं की मला शेजारी बसून ऊब लागली.

“आणि वर्षही आहे ना यावर,” पोरगी उत्साहाने पुढे म्हणाली. बिचारीला काय माहीत. “त्यांच्याकडे राजा गादीवर बसल्यापासून वर्षं मोजतात. शोवा पस्तीस. म्हणजे… एकोणीसशे साठ.”

बाकांवरची माणसं बोटं मोजू लागली. काका परत आले होते सत्तेचाळीस साली, हे तिथल्या लहान पोरालाही पाठ होतं. सुदेशने डबी मागून घेतली, अनुजाला एकेक नाणं वाचायला लावलं. एकूण एक तशीच, त्याच दोन-तीन वर्षांतली. काकीने डबी द्यायला नाही म्हटलं नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

“म्हणजे श्रीयुत मालंडकर,” सुदेश चष्मा पुसत म्हणाला, “जी नाणी अजून पाडलीच नव्हती ती घेऊन परत आले.”

हशा झाला. मीही हसलो असेन. सत्यवान मात्र इस्त्रीच्या पँटीत ताठ उभा होता, आणि मग बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. तो मांगरात, बागेतल्या खोपटात, आंब्यांच्या पेट्यांना खिळे मारत होता, गरजेपेक्षा जोरात.

“बाबाचा नाव काढून टाक,” तो मान वर न करता म्हणाला.

“अरे, घाई कशाला? फौजेकडून उत्तर…”

“कसला उत्तर? साठ सालचा नाणा बाबान खंयसून हाडल्यान, सांग माका. जन्मभर मी लोकांची थोबाडां फोडलंय. आता समाजला, लोकच खरां बोलत होते.” हातोडी बोटावर बसली, तरी तो ओरडला नाही. “माझो बापूस थापाडो होतो. लिव तसा.”

सुदेशचे टोमणे मी खूप ऐकलेत, पण सत्यवानाच्या तोंडून हे मला ऐकवेना. मी वळलो तर दाराशी काकी. ती आमसुलांसाठी रतांबे फोडत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल. एरवी दोनदा ओरडल्याशिवाय तिला काही ऐकू येत नाही. त्या दिवशी तिने शब्द न् शब्द ऐकला होता. सुरी हातात तशीच राहिली होती. काशीकाकीला घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

शेवटची सभा त्याच आठवड्यात होती. नावं नक्की करून पाथरवटाला द्यायची. सुदेश शंकरकाकांच्या नावावर काट मारणार एवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. काकीचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी ती रिक्षाने आली, कारण पायी आली असती तर वाटेतच कोणीतरी काय म्हणून विचारलं असतं आणि तिचा धीर सुटला असता. हे तिनेच मला नंतर सांगितलं. मागोमाग सत्यवान धावत आला. “आये, घराक चल. पुरे झाली शोभा.”

“तू गप रव.” तिने डबी सुदेशच्या टेबलावर ठेवली. “ही नाणी माझ्या घोवान हाडलेली न्हय. माझ्या भावान हाडलेली. तो बोटीर खलाशी होतो. तेका मी सांगलंय, जपानाक बोट लागली तर भोकाची नाणी हाड मूठभर. तेणा हाडल्यान.”

एक क्षण कोणाला काही उमगलं नाही. मग बायांना उमगलं आणि वर्गात जो गोंधळ उडाला तो मला लिहून घेता आला नाही.

“म्हणजे आमच्या पोरांक तुया भलतीच नाणी बांधलंस?” आमच्या आळीतली जानकी ओरडली. “माझ्या अनिशाक बांधलंस तां खंयचा?”

“भावाचा.”

“आणि माका लढायेचा म्हणान सांगलंस!”

“मी खंय सांगलंय? तू इचारलंस नाय, मी सांगूक नाय. तुझो अनिश जगलो मां?”

“जगलो म्हणजे… दुबयत आसा. टक्कल पडला.”

“टकलाक नाणा काय करतला?”

कोणी जन्मसाल मोजू लागलं, कोणी नवऱ्याकडे संशयाने बघू लागलं. जी बाई वाडीतल्या प्रत्येक पाळण्याशी मानाने उभी राहायची, तिच्याकडे बोटं दाखवून लोक बोलत होते, आणि ती नवऱ्याच्या नावासाठी ते ऐकून घेत उभी होती. सत्यवानाने तिला खुर्ची दिली, ती बसली नाही.

सुदेशने टेबल वाजवलं. “शांतता! काकी, आपण म्हणता ते ग्राह्य धरलं, तरी मूळ नाणी कुठे आहेत? पुरावा…”

“तीन होती,” काकी म्हणाली. “एक पोराक न्हाणताना बावडीत पडला. एक पोराच्या कमरेक बांधलेला मुंबयक गेला. मुंबयक गेलेला परत येता खंय?”

“आणि तिसरं?”

“तिसरा तुझ्या कमरेक आसा.”

सुदेशचा हात आपसूक पोटाकडे गेला. तो सगळ्यांनी बघितला.

“तुझ्या आदी तुझ्या आवशीची दोन पोरां गेली, ठावक आसा मां तुका? तिसरो तू. बारशाक मी नाणा बांधलंय. तू धावाक लागलंस तेव्हा परत मागूक गेलंय तर तिणा माझे पाय धरल्यान. म्हणाली, काशी, ह्यां रवांदे. मी परत कधी मागूक नाय.” काकी दम खायला थांबली. “मगे शेजारच्या पोरांची बारशी इली. डबी रिकामी. काय बांधू? म्हणान भावाक सांगलंय. आणि तुझ्या आवशीन तां काढूक दिल्यान नसात. माका ती ठावक आसा.”

सुदेश उठला. आम्हाला वाटलं चिडून निघाला. पण तो वर्गाच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या फळ्यामागे गेला. फळ्याखालून त्याच्या चपला दिसत होत्या, आणि बराच वेळ काहीतरी ओढाताण चालल्याचा आवाज येत होता. मग तो बाहेर आला. एका हाताने त्याने पँट धरली होती, दुसऱ्या तळव्यावर तुटलेल्या काळ्या दोऱ्यात एक काळपट चकती होती.

“छातीचा ऑपरेशन झाला तेव्हा डॉक्टर काढ म्हणालो, तरी मी काढूक नाय,” तो म्हणाला. पुस्तकी मराठी कुठच्या कुठे गेली होती. “मरताना आवस म्हणाली, ह्यां कमरेचा सोडू नको. कोणाचा, तां सांगल्यान नाय. माका वाटला खंयच्या तरी पत्र्याचो तुकडो.”

अनुजाने ते ओढणीने पुसलं, खिडकीशी नेलं, मोबाइलचा उजेड पाडला. या खेपेला कोणी तिला घाई केली नाही. सत्यवान भिंतीला टेकून, डोळे मिटून उभा होता.

“हे पितळेचं नाही, कथलाचं आहे,” ती हळू म्हणाली. “दहा सेन. शोवा… एकोणीस.” तिने सासऱ्याकडे बघितलं. “बाबा, एकोणीसशे चव्वेचाळीस.”

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, एवढ्याने काय सिद्ध होतं, असलं नाणं मुंबईच्या गोदीतही मिळालं असेल. सुदेश असा गर्रकन वळला की पँट सुटता सुटता राहिली. “जन्मापासून माझ्या कमरेक आसा तां! तू माका शिकव नको!” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “लिव. शंकर धाकू मालंडकर. जपान.”

मी लिहिलं.

सुदेशने नाणं काकीपुढे धरलं. “काकी, तुमचा तां घेवा.”

काकीने ते घेतलं. बोटांनी चाचपलं, भोकात नख घालून बघितलं, गालाला लावलं. पुष्कळ वर्षांनी नवऱ्याची वस्तू तिच्या हातात आली होती, आणि ती रडली. कोणाला दिसेल याची पर्वा न करता रडली. मग तिने पदराने नाक पुसलं, पदराची गाठ सोडून नवा करगोटा काढला आणि नाणं त्यात ओवायला लागली. दोरा काही भोकात जाईना. जानकीने पुढे होऊन ओवून दिला.

“सदरो वर कर,” काकी सुदेशला म्हणाली.

“काकी, सगळे बघतत…”

“बघांदेत. पोट आत घे मेल्या, पुरना नाय ता.”

अडुसष्ट वर्षांचा समितीचा अध्यक्ष सदरा छातीशी धरून वर्गाच्या मधोमध उभा राहिला. काकीने कमरेभोवती करगोटा फिरवला, पण गाठ तिला दिसेना आणि बोटंही ऐकेनात. तेव्हा सत्यवान भिंतीपासून सुटला, कुरकुरत्या गुडघ्यांवर सुदेशसमोर खाली बसला आणि तिच्या हातातून दोऱ्याची टोकं घेतली. सुदेश वर आढ्याकडे बघत होता. त्याची हनुवटी हलत होती.

“दोन गाठी मार रे झिला,” काकी म्हणाली. “तेची आवस बघता आसतली.”

सत्यवानाने दुसरी गाठ मारली.